‘नाही’च्या पुढचं पान

विषय निघाला ‘पाहुणे’ आणि माझी मैत्रीण एवढ्या मोठ्यानं हसली की सर उघडलेलं पाकीट हातात धरूनच तिच्याकडे बघत राहिले. मी तिला कोपरानं ढोसलं. पण हसू मलाही आवरत नव्हतं, कारण रविवारी तिला बघायला माजलगावहून पाहुणे येणार होते आणि आमची स्पर्धाही रविवारीच संपणार होती.

त्या दिवसांत बीडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. आमचा बसस्टँडच्या मागं, औषधाच्या दुकानावर होता. खोलीला एसी होता, आणि मे महिन्यात बीडमध्ये तेवढ्यासाठीसुद्धा कुणी क्लास लावला असता. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मशीनवरचं फुलाफुलांचं झाकण नीट घडी करून ठेवायचं आणि मगच बटणाला हात लावायचा, असा दंडक. दसऱ्याला सरांनी लावलेलं हळदकुंकू अजून प्रत्येक मॉनिटरच्या कोपऱ्यात टिकून होतं.

स्पर्धा औरंगाबादच्या मुख्य शाखेनं काढली होती. तिघातिघांचे गट करायचे, शुक्रवारी विषय कळणार, आणि रविवारी दुपारी त्यांच्या एक मॅडम येणार. तोवर मराठीतून काहीतरी नवंकोरं करून मशीनवर चालवून दाखवायचं. हल्ली माझा भाचा असल्याच गोष्टी करतो आणि त्याला गेम जॅम म्हणतो. आम्ही जे केलं त्याला तो व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतो. आम्हाला दोन्ही शब्द माहीत नव्हते. वर चित्र, खाली बोलणं, त्याच्याखाली बटणं. जे बटण दाबाल त्याप्रमाणे गोष्ट पुढं जाणार. आम्ही त्याला आपलं ‘बटणांची गोष्ट’ म्हणत होतो.

माझ्या मैत्रिणीला औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. तिचं सगळं ठरलं होतं, फक्त घरातून होकार नव्हता. आणि नकारही नव्हता, ही खरी पंचाईत. तिचे वडील कापडाचे व्यापारी, सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात कधी वाकडा शब्द नाही. कॉलेजचं काढलं की म्हणायचे, “पाहुणे येऊन जाऊ दे, मग बघू.” म्हणजे माजलगावचं जमलं की औरंगाबाद गेलं. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार. बरं, स्थळ वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं. धरणाच्या पाण्यावरचा ऊस, खताचं दुकान, मुलाला सुपारीचंही व्यसन नाही. पोरीला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं आणि पोरीनंही सांगितलं नव्हतं. माझं डोकं फिरायचं ते यामुळं.

“अगं, बोल की बाई त्यांच्याशी!”

“बोलेन.”

“कधी?”

“बघू.”

बापाचं ‘बघू’ आणि लेकीचं ‘बघू’, जशाला तसं. मला असल्या शांत माणसांचा वैताग येतो, तेव्हाही यायचा. मी एका जागी बसायचीच नाही, नखं कुरतडायची, खुर्चीवर बसले तरी पाय हलत राहायचा. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आता पन्नाशीला टेकले तरी ती थांबलेली नाही.

आमच्या गटातला तिसरा नेकनूरहून एसटीनं यायचा. प्रोग्राम लिहिण्यात अख्ख्या क्लासमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण मुलींशी बोलायचं म्हटलं की गडी पार घामाघूम. तो आमच्याकडे कधी बघायचाच नाही. जे बोलायचं ते मॉनिटरकडे बघून बोलायचा, जणू मशीनच आम्हाला निरोप देणार आहे. “चित्र लई मोठं झालंय, बारीक करा म्हणावं,” असं तो मॉनिटरला सांगायचा आणि शेजारी बसलेली माझी मैत्रीण चित्र लहान करायची.

बाकीचे गट लगेच कमळं, कमानी आणि जोडलेले हात काढायला बसले. आमचं काय करायचं ते मीच ठरवून टाकलं. विषय पाहुणे ना? मग मुलगी बघायला आलेले पाहुणे. प्रोग्राम चालवणारा माणूस म्हणजे ती मुलगी. तिला प्रश्न विचारतात, उत्तराची बटणं तिच्या हातात. मैत्रीण म्हणाली, “चालेल. पण चित्रं मी माझ्या मनानं काढणार.”

माउसनं चित्र काढणं म्हणजे ओल्या साबणाच्या वडीनं रांगोळी घालणं. ती दातात ओठ धरून काढत होती. पहिली चित्रं बघून मी भडकलेच. पोह्यांच्या बशा, ट्रेची कड, सतरंजी आणि पाय. जोडव्यांचे पाय, टाचा फुटलेले पाय, एक नव्या बुटांचा जोड. एकाही माणसाला गुडघ्याच्या वर काही नाही.

“तोंडं कुठायत गं यांची?”

“मान खाली असते ना,” ती म्हणाली. “मला आजवर दोनदा बघून गेलेत. मला तर एवढंच दिसलं.”

मग मी कशाला बोलते! मी उठून पाणी प्यायला गेले. परत आले तर ती आणखी एक पाय काढत होती. धोतराचा काठ, पातळ पाऊल आणि अंगठ्याचं काळं पडलेलं नख. अप्पांच्या अंगठ्यावर कधीतरी कापडाचा गठ्ठा पडला होता, तेव्हापासून ते नख तसंच. गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही ते नख ओळखलं असतं.

शनिवारी खरी बोंब झाली. गोष्टीतला मुख्य प्रश्न बापाच्या तोंडी होता. काळ्या नखाचा पाय आणि खाली ओळ: “मग, पसंत आहे ना?” त्याखाली तीन बटणं: हो. नाही. गप्प राहा. ‘हो’ला मांडव दिला, हळदीनं पिवळे झालेले पाय काढले. ‘गप्प’चं काय करायचं असं मी विचारायच्या आत नेकनूरच्यानं ते ‘हो’च्याच पानाला जोडून टाकलं होतं.

“कावून?” मी चिडून विचारलं, त्याच्याच भाषेत.

“गप म्हंजे होच असतंय की,” तो मॉनिटरला म्हणाला. “आमच्या ताईच्या टायमाला असंच झालतं.”

ते पान तसंच राहिलं. पण ‘नाही’चं पान कुणालाच सुचेना. आमच्या तिघांच्या घरात, गल्लीत, नात्यागोत्यात मुलीनं तोंडावर नाही म्हटलेलं कुणी बघितलंच नव्हतं. मुलाकडच्यांनी नाकारलेल्या ढीगभर. पण मुलगी ‘नाही’ म्हणाली आणि पुढं काय झालं? मी पटापट लिहीत सुटले. बाप छातीवर हात धरून कोसळतो. मुलगी घरातून पळून पालीच्या धरणावर जाते आणि पाण्याकडे बघत उभी राहते.

मैत्रीण पहिल्यांदाच माझ्यावर खेकसली. “नाही म्हटल्यावर धरणच बघायचं असेल तर मग हो काय वाईट आहे गं? असलं मी काढणार नाही.”

“मग काय होतं ते तू सांग!”

“मला माहीत असतं तर मी म्हटलंच नसतं का?”

तेवढ्यात लाईट गेली. मशीनं बॅटरीवर कुईंकुईं करायला लागली आणि सगळ्या खोलीत “सेव्ह करा, सेव्ह करा” असा गलका झाला. लाईट आली तेव्हा नेकनूरच्याची एसटीची वेळ झाली होती. त्यानं दप्तर काखेला मारलं आणि जाता जाता मॉनिटरला सांगितलं, “त्या न्हाईच्या बटणाला पानच न्हाई. दाबलं की मशीन इंग्रजीत बोंबलतंय. तवर त्याला परत त्याच प्रश्नावर सोडलंय. उद्या सकाळी चित्र द्या म्हणावं, जोडून टाकतो.”

उद्या सकाळी काढू, असंच ठरलं. पाहुणे संध्याकाळी येणार होते, आम्हाला अख्खी सकाळ होती. पण शनिवारीच दिवेलागणीला माजलगावहून फोन आला, की ऊन फार होतं, तेव्हा आम्ही सकाळच्या गारव्यातच येतो.

रविवारी सकाळी मी क्लासऐवजी तिच्या घरी, आतल्या खोलीत, पोह्यांवर खोबरं भुरभुरत उभी. मन सगळं त्या बटणात अडकलेलं. बाहेर मुलगा, त्याचे वडील आणि बोलायचा मक्ता घेतलेली त्याची आत्या. आत्याबाई तशा मोकळ्या बाई होत्या, उगाच कशाला नावं ठेवू. स्वयंपाक, शिवण, व्रतं सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, “आणखी काय येतं पोरीला?”

“कॉम्प्युटर येतो,” अप्पा म्हणाले. त्या वर्षांत हे वाक्य लग्नाच्या बाजारात पाच तोळ्यांइतकं जड होतं.

“म्हंजे टायपिंग?”

“छ्या! चित्रं काढून गोष्ट बनवती. आज दुपारीच औरंगाबादच्या मॅडम येणार हायेत तिचं काम बघायला.” अप्पांचा आवाज अभिमानानं असा चढत गेला की मला पुढचं कळून चुकलं. “तुमीच चला की! सोताच्या डोळ्यांनी बघा, मग जेवायला बसू. कसली गं गोष्ट हाय?”

बाहेर सतरंजीवर माझी मैत्रीण मान खाली घालून बसली होती. “पाहुण्यांची,” ती म्हणाली.

“बघा! झ्याक!” अप्पा म्हणाले.

मी दाराच्या फटीतून तिला खुणा करत होते, डोकं दुखतंय म्हण, चक्कर येतेय म्हण, काहीतरी म्हण! तिनं वर बघितलंच नाही.

आणि असं ते वऱ्हाड क्लासच्या जिन्यानं वर आलं. सगळ्यांनी चपला काढल्या, पाय पुसले. आत्याबाईंनी मॉनिटरवरचं कुंकू बघून हात जोडले, ते बघून अप्पांनीही जोडले. मी नेकनूरच्याच्या कानाशी जाऊन फुसफुसले, “हेच ते पाहुणे.” बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. तो मॉनिटरमध्ये शिरायचाच बाकी राहिला.

आमचा नंबर आला. ट्रे आला, बशा आल्या. आत्याबाई खूश. “अगं बाई, जोडवी कशी हुबेहूब काढलीत!” मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं, “यात मुलगा कुठंय?” नेकनूरच्यानं माउसचा बाण त्या नव्या बुटांवर नेऊन ठेवला. सगळे हसले. मुलगाही हसला आणि मोज्याचं भोक दिसू नये म्हणून त्यानं पाय खुर्चीखाली घेतला.

मग काळ्या नखाचा पाय आला. “मग, पसंत आहे ना?”

कुणी हसलं नाही. मी अप्पांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा उजवा पाय हळूहळू धोतराखाली जात होता. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला आत घ्यावं.

मॅडमनी विचारलं, “काय दाबायचं? तुम्हीच कुणीतरी सांगा.”

“पोरगी काय बोलणार? गपच बसणार,” आत्याबाई म्हणाल्या. नेकनूरच्यानं ‘गप्प’ दाबलं. थेट मांडव. हळदीचे पाय. “अगं पण ती हो कुठं म्हणाली?” आत्याबाईंनी विचारलं, आणि मग स्वतःच गप्प झाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, “आता न्हाई दाब रे बाबा. बघू तरी काय होतंय.”

त्यानं ‘नाही’ दाबलं. काळ्या नखाचा पाय. मग, पसंत आहे ना?

“पुन्ना दाब.”

नाही. मग, पसंत आहे ना? नाही. मग, पसंत आहे ना?

मागच्या मुलांत खसखस पिकली. सर चुळबुळायला लागले. “अडकलं वाटतं,” मॅडम वहीत काहीतरी लिहीत म्हणाल्या. लाईट गेली होती, वेळ मिळाला नाही, असं सगळं एका दमात सांगायला मी उठलेच होते. तेवढ्यात माझी मैत्रीण बोलली.

“अडकलेलं नाही, मॅडम. परत विचारतात.”

अप्पांनी घसा खाकरला. “अन् शेवट?”

“शेवट काढता आला न्हाई, अप्पा. न्हाई म्हणल्यावर पुढं काय होतं ते मला ठावंच न्हाई.” तिनं मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं. “तुमाला ठावं हाय का?”

मी त्या क्षणी तिच्या जागी असते तर रडून गोंधळ घातला असता. ती नुसती बघत राहिली. अप्पा उठले. “चला, पाहुण्यांचं जेवण राहिलंय,” म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

बक्षीस कमळवाल्यांना मिळालं. ‘कल्पना चांगली, काम अपूर्ण’ असा शेरा आमच्या वाट्याला आला. नेकनूरचा म्हणाला, “बरोबर हाय की.” मी त्याच्याशीही भांडले.

मला वाटलं, आता माजलगावचं बारगळलं. कसलं काय! दोनच दिवसांत निरोप आला, पसंत आहे. आत्याबाईंनी म्हणे सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगी धीट आहे, दुकानावर बसवायला अशीच पाहिजे. आता बोला! मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि घरात खरोखर बटणं दाबायला सुरुवात झाली. अप्पांनी जेवताना विचारलं, “मग, काय म्हणतीस?” ती म्हणाली, “न्हाई.” त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली. सकाळी पूजेवरून उठल्यावर पुन्हा विचारलं. मग आईनं विचारलं. मग काकानं लातूरहून फोनवर विचारलं. कुणी रागावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. नुसतं विचारत होते. मी रोज तिच्या घरी जायची, बसायची, उठायची, दारापर्यंत जाऊन परत यायची. तिचं तोंड उतरत चाललं होतं.

“आपला प्रोग्राम बरोबर होता बघ,” एके दिवशी ती म्हणाली. “मी दमले गं. उद्या बहुतेक गप्प बसेन.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. गप्प म्हणजे काय, ते आम्हीच जोडून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला, अप्पा एकटेच क्लासचा जिना चढून आले. चपला काढल्या, पाय पुसले. मी आणि नेकनूरचा दोघंच होतो. “ते पोरीचं लाव बरं,” ते म्हणाले. त्यानं लावलं. अप्पांनी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. माउस त्यांच्या हातात ठरेना, बाण कुठच्या कुठं पळत होता. शेवटी दोन्ही हातांनी धरून त्यांनी ‘नाही’ दाबलं. त्यांचाच पाय त्यांना विचारत होता, मग, पसंत आहे ना? त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. मी मागं उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा पाय हलत नव्हता.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “ह्याच्या पुढचं काढ म्हणावं तिला.”

“काय काढायचं, अप्पा?” मी विचारलं.

“न्हाई म्हणल्यावर काय होतंय ते. काय होणार हाय? पाहुणे आपल्या घरला जातेत. अन् घरचे घरी राहतेत.” ते उठले. “मी उद्या येतो बघायला.”

मी धावतच तिच्या घरी गेले. ती त्याच संध्याकाळी येऊन मशीनवर बसली, दुसऱ्या दिवशी सकाळीही बसली. मला बघू देईना. अप्पा आले तेव्हा नेकनूरच्यानं जोडणी नुकतीच संपवली होती. अप्पांनी पुन्हा दोन्ही हातांनी ‘नाही’ दाबलं.

रिकामी सतरंजी, उष्ट्या बशा. आणि समोर, सगळ्या गोष्टीत पहिल्यांदा, एक चेहरा. भस्माचे पट्टे, चष्मा, जरासे घाबरलेले डोळे. मान वर केल्यावर जसे दिसले तसे अप्पा. खाली बोलणं नव्हतं, बटणंही नव्हती.

ते खूप वेळ बघत राहिले. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

“नाक लई मोठं काढलंस गं,” ते म्हणाले. आणि दाराशी चपला घालताना, आमच्याकडे पाठ करून: “औरंगाबादला नीट शिकवत असतील ना नाक काढायला?”

ती तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली, मग मीही. नेकनूरचा गांगरून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मॉनिटरऐवजी आमच्या तोंडाकडे बघून बोलायची ती त्याची पहिलीच वेळ.

“तुमी रडा,” तो म्हणाला, “मी तवर सेव्ह करतो.”